ट्यूबचं वाह पेडल: टाचेला ‘ऊ’ का येत नाही आणि शीळ का वाजते

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ट्रान्झिस्टरची काही पेडल्स आणि एक छोटा ट्यूब ॲम्प्लिफायर बांधला आहे. आता १२एएक्स७ (एका काचेत दोन ट्रायोड असलेली ट्यूब; प्रत्येकाला इनपुटची ग्रिड, आउटपुटची प्लेट आणि कॅथोड) वापरून वाह पेडल करायचंय, म्हणजे पायाने गिटारचा स्वर टाचेकडे ‘ऊ’ आणि चवड्याकडे ‘आ’ असा फिरवणारं पेडल, म्हणून वाहच्या नेहमीच्या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरच्या जागी ट्यूब बसवून पाहिली. प्लेटला १२ व्होल्ट दिले तर आवाज पातळ येतो आणि टाच पूर्ण दाबली तरी खालचा ‘ऊ’ येत नाही. ॲम्प्लिफायरच्या सप्लायमधून २२० व्होल्ट दिले तर टाचेच्या टोकाला पेडल आपोआप शीळ घालतं. तुमची आकडेवारी अशी: प्लेटला १०० के (के म्हणजे हजार ओहम), कॅथोडला १.५ के आणि त्यावर २२ मायक्रोफॅरडचा बायपास, प्लेटपासून पॉटपर्यंत (पायाच्या फळीने फिरणारा रेझिस्टर) ०.०२२ मायक्रोफॅरड, पॉट १०० के.

या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच आहे. वाहमध्ये ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, आवाज मोठा करण्यासाठी नसतो, स्वर खाली उतरवण्यासाठी असतो. हे एकदा पक्कं बसलं की पुढचं सगळं डिझाइन कागदावर आपोआप सुटत जातं.

आधी जुन्या सर्किटकडे बघू. वाहचा जन्मच ट्रान्झिस्टरवर झाला. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा इंजिनिअर व्हॉक्स ॲम्प्लिफायरमधल्या मिडरेंजच्या स्विचऐवजी पॉट बसवण्याच्या खटपटीत होता. त्या पॉटला ऑर्गनच्या पेडलचं धूड, म्हणजे बाहेरची पेटी, जोडलं आणि हे वाद्य हाती लागलं. म्हणजे नक्कल करावी असं ‘मूळ ट्यूब वाह’ समोर नाही. सर्किटचं तत्त्व घ्यायचं आणि ट्यूबच्या स्वभावानुसार आकडे नव्याने काढायचे.

तत्त्व असं. ५०० मिलिहेन्रीची कॉइल आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून सुमारे २२५० हर्ट्झला रेझोनन्स होतो, म्हणजे तोच स्वर सगळ्यात मोठा ऐकू येतो. चवडा पूर्ण दाबलेला असताना पेडल इथे असतं. पण या कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला जात नाही. ते फॉलोअरच्या (सिग्नल न वाढवता तसाच पुढे देणारी स्टेज) आउटपुटला बांधलेलं असतं, आणि फॉलोअरला मिळतो पहिल्या स्टेजचा उलटा झालेला, मोठा झालेला सिग्नल, पॉटने जेवढा सोडला असेल तेवढा. कपॅसिटरच्या एका टोकाला एक व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला उलट्या दिशेने २४ व्होल्ट असतील तर त्यातून २५ पट करंट वाहतो. कॉइलला वाटतं की समोरचा कपॅसिटरच २५ पट मोठा आहे. फ्रिक्वेन्सी कपॅसिटन्सच्या वर्गमुळाने उतरते, म्हणून २५ पटीला रेझोनन्स पाचव्या हिश्शावर, ४५० हर्ट्झला येतो. पायाने आपण कपॅसिटरच फुगवतो आणि लहान करतो. ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंतचा प्रवास तो हाच.

आता तुमची पहिली तक्रार बघा. १२ व्होल्टवर १२एएक्स७ चालते, आवाजही येतो, पण प्लेट करंट अगदी नगण्य असतो, ट्यूबचा अंतर्गत रेझिस्टन्स प्रचंड वाढतो आणि वर १०० केच्या पॉटचा भार असतो. अशा स्टेजचा गेन ८ मिळाला असं धरलं तरी कपॅसिटर फुगतो ९ पट, म्हणजे टाचेची फ्रिक्वेन्सी येते ७५० हर्ट्झ. ७५० ते २२५० मध्ये ‘ऊ’ कुठून येणार? कॉइल बदला, पॉट बदला, हा आवाका फारसा वाढणार नाही. मोटारीच्या रेडिओसाठी बनवलेल्या ईसीसी८६ सारख्या ट्यूब कमी व्होल्टेजवर व्यवस्थित चालतात, पण त्यांचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर लहान, त्यामुळे या कामाला एक स्टेज पुरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ट्यूबचं वाह करायचं तर खरं हाय व्होल्टेज द्या, नाहीतर ट्रान्झिस्टरवरच थांबा. काच चमकावी एवढ्यासाठी ट्यूब घालू नका. हाय व्होल्टेजवर ट्यूब दोन गोष्टी देते ज्या ९ व्होल्टवर मिळत नाहीत. पहिली हेडरूम, म्हणजे सिग्नल कापला जाण्याआधीची मोकळी जागा. हमबकर (गिटारचा दोन कॉइलचा पिकअप) जोरात छेडला की पहिल्या ठोक्याला एक व्होल्टपर्यंतचा पीक येऊ शकतो. रेझोनन्सला त्यातला तिसरा हिस्सा ग्रिडवर पोचतो आणि २५ पट होऊन ८ व्होल्टचा पीक होतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या स्टेजला हे झेपत नाही, तिथे ती सपाट कापते, आणि नेमका ज्या स्वराने बोलायचं तोच स्वर दबतो. २२० व्होल्टवर हा पीक ट्यूबच्या गावीही नसतो. दुसरी गोष्ट, ग्रिड करंट ओढत नाही. ट्रान्झिस्टरचा बेस कॉइलवर लाखभर ओहमचा भार टाकून बसलेला असतो, ट्यूबमध्ये तो भार जातो. लोक ज्याला ‘ट्यूबची ऊब’ म्हणतात ती मला या पेडलमध्ये ऐकू येते ती या दोन कारणांनी. पहिली स्टेज इथे विकृती जवळजवळ करतच नाही.

आता शीळ. इथे जरा सावकाश जाऊ, कारण या जागी मी स्वतः दोन आठवडे अडकलो होतो आणि दोष वायरिंगमध्ये शोधत होतो. शिल्डेड वायर बदलली, ग्राउंड एका बिंदूवर आणलं, कॉइल फिरवून पाहिली, सॉकेटचे सगळे टाके पुन्हा मारले. शीळ होती तिथेच.

तुमचे आकडे घेऊ. कॅथोड पूर्ण बायपास असताना, १०० केची प्लेट आणि १०० केचा पॉट समांतर धरून गेन येतो ४४ च्या आसपास, फॉलोअर वजा जाता ४२. कपॅसिटर ४३ पट फुगतो आणि टाच उतरते सुमारे ३४५ हर्ट्झला. हे गरजेपेक्षा खाली आहे, पण नुसतं तेवढंच असतं तर आवाज जाड झाला असता, शीळ वाजली नसती. खरा घोटाळा त्या ०.०२२ मध्ये आहे. ॲम्प्लिफायर बांधणाऱ्याच्या हाताला हा आकडा इतका सवयीचा असतो की तो विचार न करता लावला जातो. पुढे मेगओहमचा भार असेल तेव्हा तो उत्तम. इथे पुढे फक्त १०० के आहेत. ट्यूबचा आउटपुट रेझिस्टन्स धरून त्याची कटऑफ, म्हणजे जिच्याखाली सिग्नल घटतो ती फ्रिक्वेन्सी, ५० हर्ट्झच्या जरा वर पडते. गिटारचा सगळ्यात खालचा ‘ई’ ८२ हर्ट्झचा, मग काय बिघडलं, असं वाटतं. बिघडते ती फेज. ३४५ हर्ट्झला हा कपॅसिटर सिग्नलला साडेआठ अंश पुढे ढकलतो. परत येणारा सिग्नल बरोबर उलटा असता तर कॉइलला शुद्ध कपॅसिटर दिसला असता. तो साडेआठ अंश पुढे असल्यामुळे कॉइलला कपॅसिटरच्या जोडीला एक उणे रेझिस्टन्सही दिसतो, जो सिग्नल खाण्याऐवजी त्यात भर घालतो. या आकड्यांवर तो येतो उणे ७ केच्या आसपास. कॉइलवरचं डॅम्पिंग, म्हणजे रेझोनन्सला आवरणारा भार, किती? समांतर लावलेला ३३ के आणि इनपुटचा ६८ के मिळून २२ के. उणे ७ के त्याला सहज हरवतो आणि सर्किट ऑसिलेटर होतं. चवड्याकडे फॉलोअरला पोचणारा सिग्नल कमी होत जातो, म्हणून तिथे शीळ नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. प्लेटचा कपलिंग कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरड करा, ४०० व्होल्टचा फिल्म टाइप. आकाराने तो अंगठ्याएवढा येतो, त्याची जागा आधीच राखा. फेज पाव अंशावर येते आणि उणे रेझिस्टन्स नाममात्र उरतो. आणि कॅथोडचा १.५ के दोन तुकड्यांत करा: कॅथोडला लागून ८२० ओहम मोकळा, त्याखाली ६८० ओहम आणि फक्त त्या ६८० वर १०० मायक्रोफॅरडचा बायपास. डीसी बायस तसाच राहतो, गेन येतो साडेपंचवीस. फॉलोअर वजा जाता २४. म्हणजे टाच ४५० हर्ट्झला. बायपास अजिबात न लावता पूर्ण १.५ के मोकळा ठेवला तर गेन १९ आणि टाच ५०० च्या वर. काहींना ती वरची टाच आवडते, विशेषतः पेडलपुढे डिस्टॉर्शन असेल तेव्हा. ८२० च्या जागी ६८० किंवा १ के लावून ऐका. टाचेचा स्वर ठरवणारा रेझिस्टर हाच आहे, आणि ट्यूबच्या वाहमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्टही हीच: एका रेझिस्टरने ‘ऊ’ किती खोल हवा ते ठरवता येतं.

आता पूर्ण मांडणी सांगतो. इनपुटला ६८ के, मग ०.०१ मायक्रोफॅरड, तिथून पहिल्या ट्रायोडची ग्रिड, म्हणजे २ नंबरची पिन. ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये कॉइलचं खालचं टोक बायसच्या रेझिस्टर्सना जातं आणि ४.७ मायक्रोफॅरडने सिग्नलपुरतं ग्राउंड होतं. ट्यूबमध्ये तो सगळा भाग गळतो. कॉइलचं खालचं टोक थेट ग्राउंडला, वरचं टोक १.५ केमधून ग्रिडला. कॉइल स्वतःच ग्रिड लीक (ग्रिडला ग्राउंडशी जोडणारी वाट) होते आणि १.५ के ग्रिड स्टॉपरचं (ग्रिडवरची नको ती ऑसिलेशन रोखणारा रेझिस्टर) काम करतो. तीन घटक कमी झाले आणि कॉइलमधून बायसचा करंटही गेला. वाह सर्किटने जणू ट्यूबचीच वाट पाहिली होती, असं हे सर्किट पहिल्यांदा काढताना मला वाटलं होतं.

प्लेट, पिन १, १०० केमधून २२० व्होल्टला. कॅथोड, पिन ३, वर सांगितल्याप्रमाणे. प्लेटवर १४० व्होल्टच्या आसपास आणि कॅथोडवर एक व्होल्टच्या किंचित वर दिसायला हवं. पॉटचं वरचं टोक ०.४७ मधून प्लेटला, खालचं ग्राउंडला, वायपर ०.१ मायक्रोफॅरडमधून दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडला, पिन ७. दुसरा ट्रायोड कॅथोड फॉलोअर: पिन ६ थेट २२० व्होल्टला, पिन ८ पासून १.५ के आणि त्याखाली ४७ के. ग्रिडचा १ मेग त्या दोघांच्या जोडावर आणायचा. कॅथोडवर ४० ते ४५ व्होल्ट येतात. तिथून ०.०१ मायक्रोफॅरड कॉइलच्या वरच्या टोकाला, म्हणजे १.५ केच्या कॉइलकडच्या बाजूला. हा ०.०१ सुद्धा ४०० व्होल्टचाच घ्या. ट्रान्झिस्टर पेडलमधला ५० व्होल्टचा सिरॅमिक इथे बसवू नका. तो शॉर्ट झाला तर फॉलोअरचा डीसी थेट कॉइलमध्ये जाईल.

पॉटवर डीसी अजिबात येता कामा नये. थोडा जरी आला तरी पाय हलवताना खरखर ऐकू येते. पॉट नवा असूनही खरखरत असेल तर पॉट बदलण्याआधी त्याच्या वरच्या टोकाचं व्होल्टेज मोजा. बहुतेक वेळा ०.४७ गळत असतो.

कॉइलवर समांतर रेझिस्टर किती? ट्रान्झिस्टरमध्ये ३३ के असतो. इथे ग्रिड भार टाकत नाही म्हणून त्याच ३३ केवर रेझोनन्स जास्त टोकदार होतो. टाचेला क्यू फॅक्टर (रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा) कागदावर १५ च्या घरात जातो, चवड्याला ३. प्रत्यक्षात कॉइलच्या आणि फॉलोअरच्या तोट्याने तो कमी भरतो, पण टाच टोकदार आणि चवडा पसरट हा फरक ऐकू येतो. मी १० केच्या जोडीला सीरीजमध्ये १०० केचा ट्रिमर लावतो, ताल धरून पंधरा-वीस मिनिटं वाजवतो आणि मग ट्रिमर काढून मोजलेल्या किमतीचा रेझिस्टर टाकतो. बहुतेक वेळा २२ ते २७ केला स्थिरावतो. याहून वर गेलं की एकेक सूर कानात घुसतो आणि शेजारचा सूर नाहीसा होतो. एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं, बँडबरोबर त्रास देतं.

कॉइलबद्दल बरंच लिहिलं जातं. हेलो, फॅसल अशी जुन्या वाहमधल्या कॉइलची नावं भक्तीने घेतली जातात. चांगली कॉइल हवी हे खरं, पण ट्यूबच्या सर्किटमध्ये कॉइलवरचा सिग्नल लहानच राहतो, म्हणून निरनिराळ्या कॉइलमधला फरक मला मुख्यतः तिच्या तोट्यातून, म्हणजे क्यूमधून ऐकू आला. तो समांतर रेझिस्टरने बराचसा जुळवता येतो. स्वतः गुंडाळायची असेल तर फेराइटचा पॉट कोअर घ्या. वेढ्यांचा हिशोब सोपा: हव्या त्या इंडक्टन्सला कोअरच्या एएल किमतीने (कोअरसाठी छापलेला इंडक्टन्सचा गुणांक) भागा आणि वर्गमूळ काढा. एएल २००० नॅनोहेन्री असेल तर ५०० मिलिहेन्रीला बरोबर ५०० वेढे. हवेची फट नसलेल्या कोअरमध्ये छापील किमतीपेक्षा बराच फरक निघतो, म्हणून ५५० वेढे घाला, ०.०१ बरोबर रेझोनन्स मोजा आणि वेढे उलगडत २२५० वर आणा. ०.१ मिलिमीटरची तार पुरते. दोन्ही अर्ध्या घट्ट आवळा. ढिल्या राहिल्या तर पाय आपटला की इंडक्टन्स हलते.

कॉइल हा अँटेनाच असतो. म्हणून मेनचा ट्रान्सफॉर्मर पेडलच्या आत नको, हा माझा ठाम नियम आहे. शेजारी ट्रान्सफॉर्मर असला की ती घरघर रेझोनन्समधून गाळून, वाढवून बाहेर येते. शिवाय पायाखालच्या, घामट, कधी ओल्या जमिनीवर ठेवायच्या वस्तूत मेनची वायर आणायचीच कशाला? बाहेरून १२ व्होल्ट डीसीचा, एक अँपिअरचा ॲडॉप्टर घ्या. १२एएक्स७ चा हीटर पिन ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट, १५० मिलिअँपिअर मागतो. १२ व्होल्ट म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, चालतं. हीटर डीसीवर असल्याने तिथली घरघरही मिटते. हाय व्होल्टेज याच १२ व्होल्टपासून बूस्ट कन्व्हर्टरने बनवा. निक्सी घड्याळांसाठी (काचेच्या नळ्यांत आकडे चमकणारी) असे छोटे बोर्ड वापरतात तसाच. पाच मिलिअँपिअरचा भार सोसणारा असला म्हणजे झालं.

कन्व्हर्टरची स्वतःची कॉइल मात्र त्रास देते. तिची फ्रिक्वेन्सी कानाच्या वर असली तरी दोन अशी पेडल्स एका ॲडॉप्टरवर लावली की त्यांच्या फरकाची एक बारीक शीळ ऐकू येते. कन्व्हर्टर धूडाच्या एका टोकाला, पत्र्याच्या पडद्यामागे ठेवा आणि वाहची कॉइल दुसऱ्या टोकाला. कन्व्हर्टरनंतर १० के आणि ३५० व्होल्टचा १० मायक्रोफॅरड, असे दोन टप्पे द्या. या रेझिस्टर्समध्ये बरेच व्होल्ट खर्च होतात, तेवढं कन्व्हर्टरचं आउटपुट वाढवून ठेवा. सगळं जोडून झाल्यावर वाहची कॉइल लगेच चिकटवू नका. पेडल चालू करून, चवडा अर्ध्यावर ठेवून कॉइल हळूहळू फिरवा. प्लॅस्टिकची काडी वापरा, बोट आत घालू नका. एका कोनावर आवाज अचानक मरतो. तिथे गोंद लावा.

सुरक्षेचं इथेच सांगतो. २२० व्होल्ट, मग ते छोट्या कन्व्हर्टरचे का असेनात, जीवावर बेतू शकतात. मुख्य कपॅसिटरवर २२० के, एक वॅटचा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लावा. दोन १० मायक्रोफॅरडना तो वीस-पंचवीस सेकंदांत रिकामं करतो. तरी हात घालण्याआधी दर वेळी मीटरने मोजा, आणि चालू सर्किटवर मोजताना दुसरा हात खिशात. धूड धातूचंच हवं आणि ते सर्किटच्या ग्राउंडला पक्क्या स्क्रूने जोडलेलं हवं. पॉटचा धातूचा दांडा आणि खाच असलेली पट्टी थेट पायाच्या फळीपर्यंत जाते. ०.४७ शॉर्ट झाला तर ते व्होल्टेज धूडावर न येता ग्राउंडला गेलं पाहिजे, म्हणून पॉटची बॉडी वेगळ्या वायरने ग्राउंड करा. नुसत्या नटवर विसंबू नका, रंगाच्या थराने तो जोड तुटलेला असू शकतो.

आउटपुटला काय करायचं? पॉटच्या वरच्या टोकाला सिग्नल बराच मोठा असतो, तो कमी करूनच बाहेर सोडायला हवा. २२० के आणि १०० केचा डिव्हायडर लावला तर पातळी बरोबर येते, पण आउटपुट रेझिस्टन्स ७० केच्या घरात जातो आणि लांब केबलवर वरचे स्वर मळतात. म्हणून मी दुसरी ट्यूब घालतो, १२एयू७. तिची एक बाजू डिव्हायडरनंतरचा फॉलोअर. हा डिव्हायडर मग मोठा ठेवता येतो, ६८० के आणि २२० के, म्हणजे पॉटवर भार येत नाही आणि टाच सरकत नाही. दुसरी बाजू इनपुटला फॉलोअर म्हणून लावता येते, पण ती आधी लावू नका. गिटारचा पिकअप स्वतःच एक कॉइल आहे. थेट जोडल्यावर तो वाहच्या ६८ केशी झटापट करतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की पेडलचा स्वभाव बदलतो. काही वादकांचा हात त्यावरच बसलेला असतो. मी तिथे एक जंपर ठेवतो आणि वाजवणाऱ्याला दोन्ही ऐकवून मग ठरवतो. वाहच्या आधी फझ (आवाज फाडणारं पेडल) असेल तर मात्र फॉलोअर घातलेलाच बरा.

बायपास स्विच ट्रू बायपासच ठेवा, म्हणजे बंद असताना सर्किट गिटारपासून पूर्ण सुटेल असा. वाह बंद असताना ६८ केचा भार गिटारवर राहिला तर सगळा आवाज मळका होतो. आउटपुट कपॅसिटरनंतर १ मेग ग्राउंडला द्या म्हणजे स्विच दाबताना ठोका बसत नाही.

आता उरला पाय. ट्यूब ॲम्प्लिफायर कोपऱ्यात स्थिर बसतो, वाह पेडलवर माणूस ताल धरून पाय आपटतो. ट्यूबच्या आतली ग्रिडची जाळी हलली की ती मायक्रोफोनसारखी बोलते, आणि वाहचा रेझोनन्स नेमकी तीच टणटण उचलून मोठी करतो. मी ट्यूब निवडताना पेडल चालू करून टाच-चवडा मध्यावर ठेवतो आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने काचेवर हलकेच टिचकी मारतो. चांगली ट्यूब ‘टप्’ म्हणते आणि गप्प होते. वाईट ट्यूब घंटेसारखी ‘टिंग’ करत राहते. ॲम्प्लिफायरमध्ये निर्दोष वाजणाऱ्या ट्यूबसुद्धा इथे नापास होतात, म्हणून चार-पाच हाताशी ठेवा. हीटर तापल्यावर, दहा मिनिटांनी पुन्हा टिचकी मारा, कारण काही ट्यूब गरम झाल्यावरच बोलायला लागतात. सॉकेट धूडावर थेट स्क्रूने आवळू नका. छोट्या पट्टीवर बसवा आणि ती पट्टी रबरी ग्रोमेटवर तरंगती ठेवा. पट्टीकडे जाणाऱ्या वायर मऊ, अनेक बारीक तारांच्या घ्या आणि थोड्या सैल सोडा. जाड एकेरी तार वापरली तर रबराचा उपयोगच राहत नाही, हादरा तारेतून आत येतो. ट्यूब आडवी ठेवा, टाचेच्या बाजूला, स्विचपासून जेवढी लांब तेवढी बरी. काचेभोवती बोटभर जागा आणि धूडाच्या दोन्ही बाजूंना भोकं हवीत. दोन हीटर मिळून साडेतीन वॅटच्या जरा वर उष्णता देतात, आणि शेजारी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर टेकलेला असेल तर तो लवकर सुकतो.

मोजमापासाठी संगणकातून साइन वेव्ह सोडा आणि पेडलचं आउटपुट, डिव्हायडर आणि फॉलोअरनंतरचं, संगणकातच परत घ्या. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर दोन हजार हर्ट्झला भरवसा ठेवू नका. प्लेटला संगणक कधीही जोडू नका. टाच पूर्ण दाबून पीक शोधा, चवडा दाबून पुन्हा शोधा. टाच ४३० ते ५०० आणि चवडा २००० च्या वर असेल तर सर्किट बरोबर आहे. टाच ५०० च्या वर दिसली तर आधी ६८० वरचा बायपास उलटा किंवा सुटलेला नाही ना ते बघा, मग प्लेटचं व्होल्टेज.

शेवटचं काम पट्टी आणि गिअरचं. पॉट पूर्ण फिरत नाही, फळीच्या हालचालीत त्याचा एक भागच वापरला जातो. तो भाग कुठला हे गिअरच्या दातावर ठरतं. वर मोजलेले आकडे पॉटच्या टोकांचे, पण पायाला मिळतात ते पट्टी जिथे अडते तिथले. गिअर सैल करून टाच पूर्ण दाबलेल्या अवस्थेत पॉट त्या टोकापासून अगदी थोडा अलीकडे ठेवा, फळी उचला, पट्टी दातात बसवा. तिसऱ्या तारेवर एकच सूर घोळवत पाय हळू फिरवा. स्वर उघडण्याची जागा पायाच्या प्रवासाच्या मध्यावर यायला हवी. चवड्याकडे शेवटच्या बोटभर अंतरात काहीच घडत नसेल तर एक दात मागे, टाचेकडे स्वर अडकून एकदम सुटत असेल तर एक दात पुढे. मी सहसा तिसऱ्या दाताला थांबतो, मग गिअरचा स्क्रू आवळून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकतो.